निम्मे न्यूरॉन मरतात, मग उरलेले कशाच्या जोरावर जगतात?

गेल्या अंकात वेदनेवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की गर्भात जेवढे संवेदी न्यूरॉन (स्पर्श, वेदना कळवणाऱ्या मज्जापेशी) तयार होतात त्यातले बरेचसे, काही ठिकाणी तर निम्म्याच्या आसपास, जन्माच्या आधीच मरून जातात आणि उरलेले जगतात ते ग्रोथ फॅक्टरमुळे, म्हणजे पेशींना जगवणाऱ्या-वाढवणाऱ्या प्रोटीनमुळे. त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअॅप आलेत की आम्लपित्त, चष्म्याचा नंबर वगैरे मंडळींना या वेळी थांबावं लागेल. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

प्र. मॅडम, मी बी.एस्सी. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये एवढंच आहे की ‘एनजीएफ हे न्यूरॉनच्या वाढीसाठी व जगण्यासाठी आवश्यक असलेले प्रोटीन आहे.’ पाच मार्कांना पुरतं ते, पण मला कळत नाही की हे बनवतं कोण आणि ते नाही मिळालं तर न्यूरॉन मरतो म्हणजे काय होतं? उपाशी मरतो का? (सांगली)

उ. नाही गं, उपाशी नाही मरत. आजूबाजूला ग्लुकोज, ऑक्सिजन सगळं भरपूर असतं तरी मरतो. विकसित होणाऱ्या संवेदी न्यूरॉनच्या आत मरायची सगळी तयारी आधीच करून ठेवलेली असते, आणि एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, बाहेरून येऊन सतत सांगत असतो की थांब, अजून नको. सांगणारा गप्प बसला की तयारी कामाला लागते.

आधी जागा डोळ्यांसमोर आण. पायाच्या अंगठ्याला काटा टोचला तर ते कळवणारा जो न्यूरॉन आहे त्याची मुख्य पेशी पायात नसतेच, ती कमरेच्या मणक्याशेजारी, मज्जारज्जूच्या बाहेर एका छोट्या गाठीत असते, डॉर्सल रूट गँग्लियन म्हणतात ते हेच, आणि तिथून एक लांबलचक तार म्हणजे अॅक्सॉन थेट अंगठ्याच्या कातडीपर्यंत गेलेली असते, मोठ्या माणसात जवळपास मीटरभर. गर्भात हे अंतर मिलिमीटरांत असतं पण मांडणी हीच. आता एनजीएफ कुठे बनतो, तर त्या तारेच्या पार दुसऱ्या टोकाला, कातडीत. आणि बनतो अगदी थोडा.

तारेच्या टोकावर ट्रक-ए नावाचा रिसेप्टर, म्हणजे एनजीएफला पकडून निरोप आत देणारं प्रोटीन, असतो (मालवाहू ट्रकशी संबंध नाही, पुढचं वाचून तसं वाटलं तरी). एनजीएफचा रेणू येऊन चिकटला की दोन रिसेप्टर जोडीने जवळ येतात, एकमेकांवर फॉस्फेट लावतात, मग ही जोडी एनजीएफसकट पेशीपटलाच्या एका बारीक फुग्यात गुंडाळून आत घेतली जाते आणि डायनिन नावाचं मोटर प्रोटीन तिला मायक्रोट्यूब्यूलवरून (पेशीतले रूळच म्हण) ओढत ओढत गाठीतल्या मुख्य पेशीपर्यंत आणतं. तिथं पोचेपर्यंत रिसेप्टर चालूच असतो. त्याच्यामुळे पीआय-थ्री-कायनेज आणि एकेटी ही निरोप पुढे देणाऱ्या प्रोटीन्सची साखळी चालू राहते आणि बॅक्स नावाचं प्रोटीन दाबात राहतं. बॅक्स एकदा मोकळं सुटलं की ते मायटोकॉन्ड्रियाला भोकं पाडतं, आतला सायटोक्रोम-सी बाहेर सांडतो, कॅस्पेज एन्झाइम्स जागी होतात आणि पेशी स्वतःला आतून पद्धतशीर कापून टाकते, तुकडे शेजारच्या पेशी गिळून साफ करतात. सूज नाही, पू नाही, काही नाही.

हे कशावरून, असं परीक्षेत कोणी विचारत नाही पण तू विचारलं पाहिजेस म्हणून दोन प्रयोग सांगते. १९७७ मध्ये रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी डिशमध्ये टेफ्लॉनचा एक साचा ग्रीसने चिकटवून तीन कप्पे केले, मधल्या कप्प्यात नवजात उंदराचे सिम्पथेटिक न्यूरॉन ठेवले (हे संवेदी नव्हेत, घामासारखी आपोआप होणारी कामं चालवणारे, पण एनजीएफवर जगणारेच), त्यांच्या तारा ग्रीसखालून सरकत बाजूच्या कप्प्यांत गेल्या. मग मधल्या कप्प्यातून एनजीएफ काढून घेतला, फक्त बाजूला ठेवला, तरी पेशी मजेत जगल्या. म्हणजे मुख्य पेशीच्या अंगावर एक थेंब नसला तरी चालतं, तारेच्या टोकाला मिळाला की झालं. आणि बाजूच्या एखाद्या कप्प्यातून काढला तर तिथल्या तेवढ्या तारा सुकून गेल्या.

दुसरा १९८८ चा, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यूजीन जॉन्सन यांच्या गटाने केलेला. एनजीएफ काढला की डिशमधले सिम्पथेटिक न्यूरॉन दोनेक दिवसांत मरतात. यांनी काय केलं, एनजीएफ काढला आणि त्याच वेळी पेशीचं प्रोटीन बनवणंच बंद पाडणारं रसायन घातलं. न्यूरॉन जगले! भुकेने मरत असते तर आणखी लवकर मेले असते ना. म्हणजे मरण्यासाठी पेशीला काहीतरी नवीन बनवावं लागतं, ते बनवू दिलं नाही तर ती मरत नाही. तुझ्या ‘उपाशी मरतो का’चं उत्तर याच प्रयोगात आहे, नोट्समध्ये घुसव आणि परीक्षकाला खूश कर.

एक मात्र आहे, ‘वाढीसाठी व जगण्यासाठी’ यातले ‘वाढ’ आणि ‘जगणं’ वेगळे काढता येतात हे पुढे उंदरांवर दिसलं. बॅक्सचं जीनच काढून टाकलेल्या उंदरांत एनजीएफ किंवा ट्रक-ए नसतानाही वेदनेचे न्यूरॉन गाठीत जिवंत राहतात, पण त्यांच्या तारा कातडीत नीट शिरतच नाहीत. जगले, पण कामाचे नाहीत.

प्र. वरच्यासारखाच प्रश्न, पण पुढचा. तार कातडीपर्यंत पोचायला वेळ लागत असेल ना? तोपर्यंत एनजीएफ नाही, मग वाटेतच का मरत नाही? (फिजिओथेरपीची विद्यार्थिनी, नागपूर)

उ. वा! हा प्रश्न अॅलन डेव्हिस यांनी १९८० च्या दशकात धरून ठेवला होता आणि माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात देखणं काम हेच आहे, जरी नोबेल वगैरे त्याला नाही. उंदराच्या मिशा जिथून निघतात ती गालावरची कातडी, तिथं ट्रायजेमिनल गाठीतल्या, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदी गाठीतल्या, तारा येतात. डेव्हिस आणि मंडळींनी १९८७ मध्ये दाखवलं की त्या कातडीत एनजीएफ बनायला सुरुवातच मुळी पहिल्या तारा पोचतात त्या सुमारास होते, आधी नाही. आणि न्यूरॉनवर एनजीएफचे रिसेप्टर दिसायला लागतात तेही त्याच वेळी. म्हणजे एनजीएफ तारांना वाट दाखवून बोलावत नाही, आल्यावर भेटतो. वाटेवर असताना त्या न्यूरॉनला त्याची गरजच नसते.

पुढे कोंबडीच्या गर्भात त्यांनी वेगवेगळ्या गाठी घेतल्या, एकीच्या तारांना जायचं ठिकाण अगदी शेजारी (आतल्या कानातली तोल सांभाळणारी), एकीचं लांब (छाती-पोटातल्या अवयवांकडे जाणारी नोडोस गाठ), आणि सगळ्या डिशमध्ये ग्रोथ फॅक्टरशिवाय ठेवल्या. ज्यांना जवळ जायचं होतं ते न्यूरॉन लवकर मेले, लांब जायचं होतं ते जास्त दिवस टिकले, आणि त्यांच्या तारा वाढायचा वेगही वेगळा होता. डिशमध्ये कुठे जायचंच नव्हतं कोणाला, तरी! म्हणजे किती दिवस विनाआधार राहायचं हे पेशी घरातूनच ठरवून निघते.

प्र. हे म्हणजे एमपीएससीसारखं झालं की, जागा कमी आणि उमेदवार ढीगभर. पण निसर्गाने इतका उधळेपणा करायचा कशाला, मोजून बनवता आले नसते का? (पुणे, प्रिलिमच्या तयारीत)

उ. उपमा आवडली, पण ताणली की दोन ठिकाणी फाटते.

आयोगाला जागा किती हे आधी माहीत असतं (असं आपण समजूया). इथे ते कोणालाच माहीत नसतं. कातडी किती पसरणार, पाय किती लांब होणार हे मणक्याशेजारच्या गाठीला कळायचा काही मार्गच नाही. म्हणून सगळ्या गाठींत सढळ हाताने न्यूरॉन बनतात आणि मग समोरच्या टोकाला जेवढा ग्रोथ फॅक्टर आहे तेवढेच राहतात. कोंबडीच्या गर्भात पंखांच्या आणि पायांच्या पातळीवरच्या गाठी मोठ्या असतात, मानेच्या आणि छातीच्या लहान, आणि सुरुवातीला त्या इतक्या वेगळ्या नसतात, मान-छातीच्या गाठींतले जास्त मरतात म्हणून त्या लहान राहतात. पाय फुटायच्या आधीच त्याचा कोंब कापून टाकला तर त्या बाजूची गाठ रोडावते आणि जादा पाय चिकटवला तर तीच गाठ भरते. असा हिशोब जीन्समध्ये आकडे लिहून ठेवून कधी जमला नसता. शिवाय एखाद्या प्राण्याचे पंख उत्क्रांतीत मोठे झाले तर त्याच्या नसांसाठी वेगळा बदल लागत नाही, कातडी वाढली, फॅक्टर वाढला, जास्त न्यूरॉन राहिले. चुकीच्या जागी गेलेल्या ताराही यातच गळतात, कारण तिथं त्यांच्या कामाचा फॅक्टर नसतो. उधळेपणा वाटतो खरा, पण मला तर हा बराच कंजूष मार्ग वाटतो.

दुसरं, गुणवत्तेचं. आधी सगळ्यांना वाटायचं की ही निव्वळ लॉटरी आहे, जो टोकाला आधी पोचला तो जगला. आता तसं सरसकट म्हणत नाहीत, उंदरांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या न्यूरॉन्समध्ये असं दिसलंय की ज्यांच्यावर आधीपासून रिसेप्टर जास्त त्यांना जगायची संधी जास्त. आणि हो, इथे अटेम्प्ट एकच, तेव्हा तुमची परीक्षा त्यामानाने बरीच दयाळू.

प्र. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड आलाय की एका बाईने महायुद्धात बेडरूममध्ये शिवणाच्या सुईने प्रयोग करून याचा शोध लावला आणि नोबेल मिळवलं. हे खरं की नेहमीसारखं? (ठाणे, आणि हाच फॉरवर्ड पाठवणारे आणखी बरेच)

उ. कधी नव्हे तो फॉरवर्ड बराचसा खरा आहे! फक्त एनजीएफ काही बेडरूममध्ये नाही सापडला, तो पुढे. पण बेडरूममध्ये जे झालं ते माझ्या दृष्टीने जास्त मोठं आहे, म्हणून जरा सविस्तर.

रीटा लेव्ही-मोंताल्चिनी, इटलीतल्या तुरिनच्या, जन्म १९०९. वडिलांचं मत की मुलींनी करिअर वगैरे करू नये, तरी भांडून मेडिकलला गेल्या, १९३६ मध्ये डॉक्टर झाल्या. १९३८ मध्ये मुसोलिनीने ज्यूंच्या विरोधात वांशिक कायदे आणले आणि विद्यापीठाचं दार बंद. थोडे दिवस ब्रसेल्सला काढले, युद्ध जवळ आलं तशा घरी परतल्या आणि आपल्या झोपायच्या खोलीत लॅब टाकली. मायक्रोस्कोप, छोटा इन्क्युबेटर, कोंबडीची फलित अंडी आणि शिवणाच्या सुया घासून केलेली हत्यारं. अंड्याच्या कवचाला खिडकी पाडायची, दोन-तीन दिवसांच्या गर्भाचा पंख किंवा पाय होऊ घातलेला कोंब काढायचा, बंद करायचं, मग पुढे रोज एकेक गर्भ काढून त्याचे पातळ काप करून चांदीच्या क्षारांनी रंगवून न्यूरॉन मोजायचे. प्रयोग संपला की उरलेलं अंडं वाया जायचं नाही, युद्धाचे दिवस होते, स्वयंपाकघरात जायचं.

हा प्रयोग मूळचा त्यांचा नव्हे. व्हिक्टर हॅम्बर्गर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने (हेही ज्यू, १९३३ मध्ये जर्मनीतली नोकरी गेलेले, अमेरिकेत राहिलेले) १९३४ मध्ये तो छापला होता. पंखाचा कोंब काढला की त्या बाजूचे न्यूरॉन कमी भरतात हे त्यांनी पाहिलं आणि अर्थ असा लावला की समोरून काहीतरी सूचना येते आणि तिच्यामुळे न्यूरॉन तयार होतात, सूचना नाही म्हणून तयारच झाले नाहीत. तो पेपर रीटाबाईंनी १९४० मध्ये रेल्वेत गुरांच्या डब्यात बसून वाचला. आणि त्यांनी जे वेगळं केलं ते फक्त एवढंच, की शेवटी एकदाच मोजण्याऐवजी दर दिवशी मोजलं. तेव्हा दिसलं की न्यूरॉन तयार होतात, अगदी नीट, तारासुद्धा काढतात आणि मग मरतात. तयार न होणं आणि तयार होऊन मरणं, शेवटी मोजलं तर आकडा तोच येतो! हे त्यांनी आपले जुने प्राध्यापक जुझेप्पे लेव्ही यांच्यासोबत लिहिलं, इटलीतली मासिकं ज्यूंचं छापत नव्हती म्हणून १९४२ मध्ये बेल्जियममध्ये छापलं. त्याच वर्षी बॉम्बवर्षावामुळे लॅब गुंडाळून गावाकडच्या घरात, मग १९४३ मध्ये फ्लॉरेन्सला लपून.

युद्ध संपल्यावर खुद्द हॅम्बर्गर यांनीच त्यांना सेंट लुईसला बोलावलं. ज्या बाईने आपलं म्हणणं खोडलं तिला बोलावून घेणं, आणि एकत्र प्रयोग करून १९४९ मध्ये तिचंच बरोबर असं मान्य करून छापणं, याला मन लागतं. १९४७ मध्ये त्या काही महिन्यांसाठी गेल्या आणि तीसेक वर्षं राहिल्या.

एनजीएफ तिथला. एल्मर ब्यूकर यांना १९४८ मध्ये दिसलं होतं की उंदराचा एक ट्यूमर कोंबडीच्या गर्भाला लावला की संवेदी नसा त्यात घुसतात. रीटाबाईंना शंका आली की ट्यूमर काहीतरी रसायन सोडतोय. ते तपासायला टिश्यू कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवणं, लागतं, त्याची चांगली लॅब मैत्रीण हेर्टा मायर यांच्याकडे रिओ दि जानेरोला, म्हणून १९५२ मध्ये ट्यूमरवाले उंदीर सोबत घेऊन विमानाने ब्राझील गाठलं. तिथं गोठलेल्या प्लाझ्माच्या थेंबात एका बाजूला कोंबडीच्या गर्भातली संवेदी गाठ, थोडं अंतर सोडून ट्यूमरचा तुकडा. दिवसभरात गाठीतून चहूबाजूंनी बारीक तंतूंचं दाट वलय बाहेर पडलं. तुकडा चिकटलेला नाही, तरी. त्यांनी त्याची शाईने चित्रं काढून पत्रातून हॅम्बर्गरना पाठवली.

मग ते रसायन शुद्ध करायला बायोकेमिस्ट स्टॅनली कोहेन आले. ते न्यूक्लिक अॅसिड आहे की प्रोटीन हे ठरवायला त्यांनी त्यात सापाचं विष घातलं, कारण विषात न्यूक्लिक अॅसिड तोडणारं एन्झाइम असतं. परिणाम कमी व्हायच्या ऐवजी भयंकर वाढला, कारण विषातच एनजीएफ ट्यूमरपेक्षा कितीतरी जास्त निघाला. विष येतं लाळग्रंथीच्या जातभाईकडून, म्हणून मग उंदराच्या लाळग्रंथी पाहिल्या, आणि नर उंदराच्या ग्रंथीत खजिनाच सापडला. १९८६ चं नोबेल या दोघांना मिळालं. हॅम्बर्गरना नाही, त्यावर तेव्हाही बोललं गेलं आणि मलाही ते पटत नाही. रीटाबाई पुढे इटलीच्या तहहयात सिनेटर झाल्या, शंभरी गाठणाऱ्या पहिल्या नोबेल विजेत्या, २०१२ च्या शेवटी १०३ व्या वर्षी गेल्या.

प्र. ताई, आमच्या नात्यात एका बाळाला दुखणं कळतच नाही असं निदान झालंय. जीभ चावतं, बोटं चावतं, रडत नाही. वारंवार ताप येतो आणि घाम येत नाही. पण हात लावला, गुदगुल्या केल्या की कळतं! मग नसा आहेत की नाहीत? (कोल्हापूर)

उ. तुम्ही लिहिलेली लक्षणं एका दुर्मिळ जनुकीय आजाराशी जुळतात, सीआयपीए म्हणतात त्याला (जन्मजात वेदना न कळणं आणि घाम न येणं), बाळाला तोच आहे का हे अर्थात त्याचे डॉक्टर जनुकीय तपासणीवरूनच सांगतील. १९९६ मध्ये जपानमधल्या इंदो यांच्या गटाने दाखवलं की या मुलांत ट्रक-ए रिसेप्टरचंच जीन बिघडलेलं असतं. एनजीएफ कातडीत बनतो, पण न्यूरॉनला ऐकूच येत नाही, आणि वर सांगितलं तसं मग वेदनेचे न्यूरॉन गर्भातच मरून जातात.

आता गुदगुल्या का कळतात. सगळे संवेदी न्यूरॉन एकाच फॅक्टरवर जगत नाहीत. वेदना, गरम-गार सांगणारे एनजीएफ आणि ट्रक-ए वर, स्नायू-सांध्यांची स्थिती सांगणारे एनटी-३ (एनजीएफचाच भाऊबंद) आणि त्याच्या ट्रक-सी रिसेप्टरवर, स्पर्शाचे काही बीडीएनएफ (तोही भाऊबंदच) वगैरेंवर. (बीडीएनएफ १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळा काढला, एनटी-३ १९९० मध्ये सापडला. कानातल्या आणि चवीच्या न्यूरॉन्सनाही हेच दोघे लागतात, ते परत कधीतरी.) उंदरांत हे एकेक करून बंद करून पाहिलंय. एनजीएफ नसलेल्या पिल्लाला चिमटा कळत नाही पण चालतं बरं, एनटी-३ नसलेल्या पिल्लाला आपले पाय कुठे आहेत तेच कळत नाही, ते वेडेवाकडे पडतात. या बाळाच्या फक्त एका गटाच्या नसा गेल्यात, बाकीचे शाबूत.

घाम येत नाही कारण घामाच्या ग्रंथींना चालवणारे सिम्पथेटिक न्यूरॉनही एनजीएफवरच जगतात. ग्रंथी आहेत पण त्यांना हुकूम देणारं कोणी नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि ताप चढतो. म्हणून उन्हाळ्यात खोली थंड ठेवणं, अंग ओल्या फडक्याने पुसणं हे या मुलांत औषधाइतकंच महत्त्वाचं. दात, डोळे आणि हाडं नियमित तपासून घ्या, कारण डोळ्यात कण गेला किंवा पाय मोडला तरी ते बाळ सांगणार नाही. आणि आईवडिलांना दोष देऊ नका, दोघांकडूनही एकेक बिघडलेली प्रत आली तरच हा होतो आणि दोघं स्वतः ठणठणीत असतात. पुढच्या बाळाच्या आधी जेनेटिक कौन्सेलिंग मात्र जरूर.

प्र. वरोऱ्याला आनंदवनात कामाला होतो, कुष्ठरोगातही बोटं भाजली तरी कळत नाही. तो हाच प्रकार का? (चंद्रपूर)

उ. परिणाम तोच, कारण वेगळं. तिथं नसा व्यवस्थित तयार झालेल्या असतात, वर्षानुवर्षं काम केलेलं असतं, नंतर कुष्ठरोगाचे जंतू नसेभोवतीच्या श्वान पेशींत घुसून त्यांची वाट लावतात. बोटं झडतात ती मुख्यतः वेदना नसल्यामुळे झालेल्या जखमांनी, हे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं. तुम्ही ते रोज पाहिलंय, तुम्हाला मी काय सांगणार.

प्र. मला पंधरा वर्षं शुगर आहे, तळपाय बधिर झालेत, रात्री आग होते. एनजीएफ नसांना जगवतं तर त्याचं इंजेक्शन का देत नाहीत? मेडिकलवाला नसांचं टॉनिक म्हणून कॅप्सूल देतो त्यात हेच असतं का? (सेवानिवृत्त, नाशिक)

उ. काका, कॅप्सूलमध्ये हे नसतं आणि असून उपयोगही नाही, प्रोटीन आहे, पोटात पचून जाईल. त्या कॅप्सूलमध्ये बहुतेक बी-१२ असतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं, तेव्हा ते तपासून घ्या, कमी असेल तर फायदा होईल, नसेल तर उगाच पैसे.

इंजेक्शनची कल्पना तुमच्याआधी कंपन्यांना सुचली होती. डायबेटिक न्यूरोपॅथीवर एनजीएफची छोटी ट्रायल बरी गेली, मग हजारावर पेशंटना ४८ आठवडे देऊन पाहिलं, २००० मध्ये निकाल छापला, फरक नाही. आणि इंजेक्शनच्या जागी दुखणं हा मुख्य त्रास. तो का, हे समजलं की बाकीचंही समजेल. गर्भात वेदनेच्या न्यूरॉनला जगायला एनजीएफ लागतो, पण मोठेपणी तो त्याच्याशिवाय जगू शकतो, आणि तरी त्याचे रिसेप्टर बऱ्याच न्यूरॉन्सवर शिल्लक असतातच. मग मोठ्या माणसात एनजीएफचं काम काय, तर सूज आली, जखम झाली की तिथं तो वाढतो आणि न्यूरॉनला जास्त हळवा करतो, साधा हात लागला तरी दुखतं. म्हणून पुढे कंपन्यांनी नेमकं उलटं केलं, एनजीएफला अडवणारी अँटिबॉडी गुडघेदुखीवर काढली, टॅनेझुमॅब. दुखणं थांबायचं खरं, पण काही जणांचे सांधे झपाट्याने खराब झाले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) सल्लागारांनी १९ विरुद्ध १ मतांनी नापास केलं. मांजरांसाठी आणि कुत्र्यांसाठी तशी औषधं मात्र तिकडे मंजूर आहेत.

एनजीएफ औषध म्हणून एकाच ठिकाणी नीट चाललाय, डोळ्यात. बुबुळावरच्या नसा गेल्यामुळे जी जखम भरत नाही तिच्यावर थेंब, इटलीच्याच कंपनीने काढलेले, एफडीएची मंजुरी २०१८ ची. तळपायासाठी तुमच्याकडे आज जे आहे ते जुनंच, शुगर ताब्यात, रोज रात्री तळवे आरशात पाहणं, अनवाणी न फिरणं आणि आग फार होत असेल तर डॉक्टरांकडून त्याची वेगळी गोळी. आगीवर गोळ्या आहेत, सहन करत बसू नका.

प्र. सूनबाईंना तिसरा महिना आहे. बाळाच्या नसा चांगल्या व्हाव्यात, हे फॅक्टर वाढावेत म्हणून काय खायला घालू? (इचलकरंजी)

उ. काही नाही. ते बाळ स्वतःच्या कातडीत आणि स्नायूंत स्वतः बनवतं, आणि जास्त झाले तरी ते काही जास्त चांगलं नव्हे. डॉक्टरांनी दिलेलं फॉलिक अॅसिड आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका, फॉलिक अॅसिडचं खरं काम तर पहिल्या महिन्यात बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी बंद होतानाच असतं, म्हणून पुढच्या वेळी आधीपासून सुरू करायचं. डिंकाचे लाडू प्रेमाने द्या, न्यूरॉनसाठी म्हणून नको.

प्र. मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनात रीटा यांचा अंड्याचा प्रयोग करायचा आहे. दुकानातली अंडी चालतील का? (सातारा)

उ. दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यांत गर्भच नसतो, कोंबडा नसतो तिथं. फलित अंडी हॅचरीत किंवा जिथं कोंबडा-कोंबड्या एकत्र आहेत अशा घरी मिळतील. कोंब कापायचा प्रयोग करू नकोस, त्याला परवानगी लागते, सुई-मायक्रोस्कोपचा हात लागतो, आणि तुझ्या वयात तो करायची गरजही नाही. त्याऐवजी साडेसदतीस अंशांच्या आसपास अंडी उबव, दिवसातून तीन-चारदा फिरव, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात खालून टॉर्च लाव, रक्तवाहिन्यांचं लाल जाळं आणि डोळ्याचा काळा ठिपका दिसेल. साधारण त्याच दिवसांत आत गाठींमधले न्यूरॉन मरायला सुरुवात होते, ते टॉर्चने दिसणार नाही, ते तू चार्टवर काढ. हॅम्बर्गर यांनी शेवटी मोजलं आणि रीटा यांनी रोज मोजलं, असे दोन ग्राफ शेजारी शेजारी काढ, परीक्षक थांबून बघतील. फक्त एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतील, ती कोणाच्या घरी जाणार हे सरांना आणि आईला आधी विचारून ठेव.